उपासनास्थळांवरील आघात (गोवे व मालवण किनारा)

देऊळ, चर्च, मशीद अथवा अन्य उपासनास्थळाची वास्तू, तेथील पूज्य वस्तू किंवा उत्पन्न यांना हेतुपुरस्सर पोचवलेली हानी. वास्तू पाडणे हा ‘विध्वंस’, पूज्य वस्तू भ्रष्ट करणे ही ‘विटंबना’, धनासाठी झालेली ती ‘लूट’ आणि आघाताच्या भीतीने भक्तांनीच दैवत अन्यत्र नेणे हे ‘स्थलांतर’ होय. लोककथेत हे चारही प्रकार एकमेकांत मिसळतात.

या किनाऱ्यावरील सर्वांत मोठे प्रकरण सोळाव्या शतकातील गोव्याचे आहे. पोर्तुगीज शासनाने १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली, पुढे देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चसंस्थांकडे वळवले आणि १५६६-६७ मध्ये साष्टीत हीच कारवाई व्यापक केली. येथे कर्ता ‘ख्रिस्ती समाज’ नसून राजसत्ता व तिच्याशी जोडलेले धर्माधिकारी होते, म्हणून वर्णनात समाजाऐवजी शासनाचे नाव घेणे अधिक अचूक ठरते. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, तर वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. ही नवी ठिकाणे ज्या फोंडा महालात येतात तो त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात हिंदू दैवतांना आश्रय मिळाला, ही बाब दोन धर्मांच्या संघर्षाच्या सरळसोट मांडणीत बसत नाही. मालवण, वेंगुर्ले येथील अनेक सारस्वत घराण्यांची कुलदैवते आजही याच भागात आहेत.

दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वर हे कदंब राजांचे दैवत. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यानंतर त्याचे लिंग विहिरीच्या बांधकामात वापरले गेले व तेथून ते गुप्तपणे डिचोलीकडे नेण्यात आले, असे परंपरा सांगते. शिवाजी महाराजांनी डिचोलीतील नार्वे येथे १६६८ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला, याला मात्र तेथील शिलालेखाचा आधार आहे. कोशकाराने हे दोन दर्जे एकाच वाक्यात, एकाच खात्रीने सांगू नयेत.

आघात एकाच दिशेने झाले नाहीत. कुंकळ्ळी येथे देवळांच्या विध्वंसानंतर जुलै १५८३ मध्ये ग्रामस्थांनी रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांना ठार केले आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या प्रमुखांना मारले. तेथील शांतादुर्गा फातर्प्यास गेली. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीत साष्टी व बारदेशातील चर्चची लूट झाल्याचे पोर्तुगीज कागदपत्रे नोंदवतात. हे वृत्त पीडित पक्षाचे आहे हे नमूद करावे, पण तेवढ्याने ते वगळू नये.

भारतात उपासनास्थळांचे १५ ऑगस्ट १९४७ रोजीचे धार्मिक स्वरूप कायम ठेवणारा कायदा १९९१ मध्ये झाला. पोर्तुगीज काळात पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी गोवा शासनाने २०२२ च्या अर्थसंकल्पात २० कोटी रुपयांची तरतूद केली, आणि नार्व्याच्या सप्तकोटीश्वर देवळाचे नूतनीकरण २०२३ मध्ये पूर्ण झाले.