बीएमआय २२.३

जानेवारी २००४ च्या 'लॅन्सेट' मध्ये पान १६३ वर दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक (परळचं केईएम नव्हे, हे रास्ता पेठेतलं), दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघंही एकदम नॉर्मल. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! खाली मिश्कील खुलासाही होता, की एक लेखक मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं.

हसू आलं ना? मलाही आलं. पण मंडळी, आपण सगळे त्या दुसऱ्या लेखकाच्या जातकुळीतले. आमच्या टीममध्ये कल्याणहून येणारा एक जण आहे, वय २९, काटकुळा म्हणावा असा. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत बीएमआयपुढे 'नॉर्मल' आणि त्याच्याच खाली एचबीएवनसी ६.१. म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. त्याचा पहिला प्रश्न होता, "पण मी तर बारीक आहे!" हा प्रश्न पुण्यात चाळीसेक वर्षांपूर्वीच पडलेला होता, आणि त्याच्या उत्तराची गोष्ट मला एखाद्या डिटेक्टिव्ह कथेसारखी वाटते.

आधी त्या बीएमआयबद्दल थोडंसं. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे सूत्र १८३० च्या दशकात केटले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने काढलं. तो मुळात खगोलशास्त्रज्ञ. त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं, कुणाचा आजार नव्हे. 'बॉडी मास इंडेक्स' हे बारसं १९७२ सालचं, अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी केलेलं. वजनातलं किती स्नायू आणि किती चरबी हे या सूत्राला कळतच नाही. असो.

तर १९८० च्या दशकात याज्ञिक ऑक्सफर्डहून शिकून पुण्याला परतले. टाइप टू डायबेटिस म्हणजे उतारवयातल्या, लठ्ठ माणसाचा आजार, असं पुस्तकात. ओपीडीत मात्र तरुण आणि किरकोळ अंगाचे पेशंट येत होते. त्यांचं पोट तेवढं सुटलेलं. (चरकसंहितेतही प्रमेहाचे स्थूल आणि कृश असे दोन प्रकारचे रुग्ण सांगितलेत. पण लगेच "आपल्याकडे सगळं आधीच होतं" म्हणून कॉलर ताठ करू नका, कारण 'का' हा प्रश्न शिल्लकच होता.)

याच सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर हार्टफर्डशायरमधल्या जुन्या नोंदवह्या चाळत होते. तिथे १९११ पासून प्रत्येक बाळाचं जन्मवजन लिहून ठेवलेलं. बार्करना दिसलं की कमी वजनाने जन्मलेल्यांना पुढे हृदयविकार जास्त होतो. पुढे हेल्स आणि बार्कर यांनी १९९२ मध्ये डायबेटिसबद्दलही तसंच मांडलं: पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं की शरीर काटकसरीची सवय लावून घेतं, आणि पुढे सुबत्ता आली की तीच सवय अंगाशी येते. आपल्या भाषेत सांगायचं तर बग नुसता कोडमध्ये, म्हणजे जीन्समध्ये नाही, इन्स्टॉल करताना दिलेल्या सेटिंग्जमध्येही आहे.

याज्ञिकांनी हे पुण्यात तपासलं. केईएममध्ये जन्मलेली चार वर्षांची मुलं पाहिली, तर जन्मवजन कमी असलेल्यांची साखर तेव्हाच थोडी जास्त! मग १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मोठा अभ्यास सुरू झाला. बायकांची गरोदर राहण्याआधीपासून नोंद, आणि मग बाळांची मोजमापं. आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, बाळांचं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. आपलं बाळ सगळ्याच मापांत लहान: दंड बारीक, पोटातले अवयव छोटे. पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मोजली तर ती जवळजवळ तेवढीच! उपाशी गर्भाने स्नायूंवर काटकसर केली, चरबी मात्र राखून ठेवली. २००३ मध्ये हा निबंध आला आणि 'थिन-फॅट इंडियन बेबी' हे नाव जगभर गेलं. जेवणातली साखर मोठ्या प्रमाणावर शोषून घेतात ते स्नायू, आणि तेच आपल्याकडे जन्मापासून कमी.

आणि त्या पान १६३ वरच्या मजकुरात शेवटी एक गोष्ट होती, जी वाचून मी थबकलो. याज्ञिकांचं स्वतःचं जन्मवजनही कमी होतं.

ते टिपण तिथे छापण्यामागेही औचित्य होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा आशियाई लोकांच्या बीएमआयवरचा अहवाल त्याच पानावर संपत होता. त्यांनी २५ ची रेषा जगासाठी तशीच ठेवली, पण आशियात २३ पासूनच सावध व्हा असं सुचवलं. २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी एकत्र येऊन आपल्यासाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असं ठरवलं, शिवाय कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटर. माझ्या मते वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप आपल्याला जास्त खरं सांगते.

पण मग जन्माच्या सेटिंग्ज आता बदलायच्या कशा? याचं बरंचसं उत्तर चेन्नईतून आलं. डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ जणांना घेऊन अभ्यास केला. बहुतेक नोकरदार मध्यमवर्गीय, म्हणजे आपल्यासारखेच, आणि सगळे डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे. २००६ मध्ये निकाल छापला. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत डायबेटिस झाला. ज्यांना रोज किमान अर्धा तास भराभर चालायला लावलं आणि खाणं सुधारायला लावलं, त्यांच्यात ३९.३ टक्क्यांना. आणि गंमत म्हणजे या दुसऱ्या गटाचं वजन घटलंच नव्हतं! काटा हलला नाही, आजार मात्र मागे राहिला. आमच्या कल्याणकराला मी हाच आकडा मेल केला. तो आता घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहत नाही, चालत जातो. पुढचा रिपोर्ट यायचाय.

पुण्याची गोष्टही पुढे सरकलीच. त्या सहा गावांतल्या साधारण दोनतृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. ज्या आयांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रभाव सगळ्यात कमी दिसला. मग २०१२ मध्ये, ती मुलं वयात आल्यावर, त्यांनाच बी-१२ च्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली. मुलं स्वतः पंधरा-सतरा वर्षांची, आणि गोळ्या होत्या त्यांना पुढे कधीतरी होणाऱ्या बाळांसाठी.