तलाठ्याच्या दप्तरापासून क्लाऊडपर्यंत

परवा हायवेवरच्या टपरीवर एका काकांनी विचारलं, "भाऊ, हे क्लाऊड म्हणता ते नेमकं कुठं असतं? ढगात?"

ढगात काही नाही, काका. मोठ्या इमारतींत हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतात, त्यातली जागा आपण भाड्याने वापरतो. अमेझॉनने हा धंदा २००६ ला सुरू केला. २०१५ ला मायक्रोसॉफ्टने पुण्यात असं केंद्र उघडलं.

पण आपली नोंद दुसऱ्याच्या ताब्यात असणं खान्देशाला नवं नाही. १८५२ मध्ये इंग्रजांची जमीन मोजणी आली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोलकडचे शेतकरी उठले. मोजणी म्हणजे सारा वाढणार, ही भीती. सरकारने फौज आणून उठाव मोडला, मोजणी झालीच. पुढे जमिनीच्या नोंदी गावच्या दप्तरात गेल्या आणि उतारा पाहिजे तर तलाठीआप्पा सापडले पाहिजेत, असा काळ आला. आप्पा तालुक्याला गेले, उद्या या. हे कोणी सोसलं नाही?

मग २९ सप्टेंबर २०१० ला शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. पंधरा रुपये भरा, घरबसल्या काढा. सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

फक्त आता आप्पांच्या जागी 'सर्व्हर डाऊन' आहे. मागच्या जूनमध्ये एका कागदासाठी मी तीन दिवस साइट उघडायची वाट पाहिली. आप्पांच्या घरी तरी जाता यायचं, सर्व्हरच्या घरी कुठं जाणार?

आपल्या तांब्या-पितळेच्या भांडीवाल्यांचे हिशेबही आता मोबाईलवर आलेत. फोन फुटला तरी हिशेब वाचतो, हा क्लाऊडचा खरा फायदा. पण फुकट जागेला हद्द असते: गूगल १५ जीबी देतं, आणि जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजतं. म्हणून महत्त्वाचं ते पेन ड्राइव्हवर पण ठेवा. आणि खातं कोणाच्या नंबरवर आहे ते आजच बघा.

काकांचं डिजिलॉकर तिथंच उघडायला गेलो. ओटीपी येईना. नंबर निघाला ज्याने खातं उघडून दिलं त्या सायबरवाल्या पोराचा. तो दोन वर्षांपासून सुरतला आहे.