घरगुती वाय-फायचा पासवर्ड : एका जबाबदारीचा इतिहास

घरात बसवलेल्या वाय-फाय राउटरला दोन पासवर्ड असतात आणि दोन्ही बदलावे लागतात, ही माहिती बहुतेक घरांपर्यंत अजून अर्धीच पोहोचलेली आहे. पहिला पासवर्ड जाळ्यात शिरण्याचा असून घरी आलेला पाहुणा विचारतो तो हाच. दुसरा राउटरच्या कारभाराचा असतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ यासारखा आकडा टाकला की जे पान उघडते, तेथे तो मागितला जातो; आणि जाळ्याचे नाव काय असावे, पहिला पासवर्ड कोणता असावा, संकेतस्थळांचे पत्ते कोणत्या सर्व्हरला विचारावेत, या साऱ्या गोष्टी त्या पानावरूनच ठरतात. हे दोन्ही पासवर्ड कारखान्यातून घातलेले येतात आणि ते बदलण्याचे काम दीर्घकाळ घरमालकाचे मानले गेले. ते त्याच्याकडे कसे आले आणि त्याच्यावर सोपवणे कितपत न्याय्य होते, याचा इतिहास जेमतेम पाव शतकाचा आहे. त्यात अभियंत्यांच्या चुका आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत आणि त्यातला एक महत्त्वाचा प्रसंग नवी मुंबईत घडलेला आहे.

बिनतारी जाळ्यांचा उगम एका सरकारी निर्णयात आहे. १९८५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने मायक्रोवेव्ह भट्टीसारख्या उपकरणांसाठी राखलेले रेडिओलहरींचे काही पट्टे, त्यांतला मुख्य २.४ गिगाहर्ट्झचा, परवान्याशिवाय संदेशवहनासाठी खुले केले. नेदरलँड्समध्ये एनसीआर या कंपनीच्या अभियंत्यांनी दुकानांतील गल्ल्यावरची यंत्रे तारेवाचून एकमेकांना जोडण्याचे तंत्र त्यावर उभे केले, आणि त्यांच्यापैकीच विक हेज यांच्या अध्यक्षतेखाली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या समितीने १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक प्रसिद्ध केले. जुलै १९९९ मध्ये ऍपलने आयबुक या लॅपटॉपबरोबर एअरपोर्ट नावाचे घरगुती केंद्र बाजारात आणले आणि कचेऱ्या व गोदामांपुरते असलेले हे तंत्र दिवाणखान्यात आले.

मानक करणाऱ्यांना सुरक्षेचा विसर पडला होता असे नाही. तारेतून जाणारी माहिती चोरायची तर तारेपर्यंत पोहोचावे लागते, लहरी मात्र भिंतीबाहेर रस्त्यावरही पसरतात, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून तारेइतकाच खासगीपणा लहरींना मिळवून देण्याच्या हेतूने त्यांनी डब्ल्यूईपी ही पद्धत मानकातच घातली. तिच्यात आरसी-४ नावाचे कूटलेखन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असे माहितीचे रूपांतर, वापरले जाई. अमेरिकेच्या तत्कालीन निर्यातबंधनांमुळे किल्ली केवळ ४० बिटांची ठेवावी लागली, म्हणजे घरमालकाला पाच अक्षरे किंवा दहा षोडशमान अंक टाइप करावे लागत. पुढे १०४ बिटांची, तेरा अक्षरांची किल्लीही आली. परंतु बहुतेक राउटर विकले जाताना ही सोयच बंद ठेवलेली असे, कारण खोक्यातून काढल्याबरोबर यंत्र चालले पाहिजे, ही विक्रेत्याची पहिली गरज होती. घरगुती जाळे मुळात उघडे असते आणि त्याला किल्ली लावायची की नाही हे मालकाने पाहावे, ही प्रथा येथे रुजली.

ज्यांनी किल्ली लावली, त्यांचीही निराशा ठरलेली होती. प्रत्येक माहितीपुडक्यासाठी कूटलेखनाची सुरुवात वेगळी व्हावी म्हणून डब्ल्यूईपी किल्लीला २४ बिटांचा एक बदलता आकडा जोडत असे आणि तो पुडक्याबरोबर उघडाच पाठवत असे. असे आकडे १,६७,७७,२१६ इतकेच संभवतात. वर्दळीच्या जाळ्यात ते काही तासांत संपून पुन्हा पुन्हा येऊ लागतात. २००१ मध्ये बर्कलीच्या निकिता बोरिसॉव, इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी या रचनेतील उणिवा दाखवल्या, आणि त्याच वर्षी स्कॉट फ्लुरर, इत्सिक मांतिन आणि आदी शमीर यांनी त्याहून गंभीर दोष मांडला : बदलत्या आकड्यांपैकी काही असे दुबळे असतात की त्यांच्यामागे आलेली पुरेशी पुडकी गोळा केली तर मूळ किल्लीच उलगडते. २००७ पर्यंत डार्मश्टाटच्या संशोधकांनी हे काम मिनिटाच्या आत आणले. या काळात एखाद्या दक्ष घरमालकाने पासवर्ड रोज बदलला असता तरी त्याचा उपयोग नव्हता, कारण दोष त्याने निवडलेल्या शब्दात नसून किल्ली वापरण्याच्या रीतीत होता. घरगुती सुरक्षेविषयी ग्राहकाला दोष देण्याची जी सवय पुढे पडली, तिच्याकडे पाहताना हा आरंभ लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२००३ मध्ये डब्ल्यूपीए ही तात्पुरती पद्धत आली आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ ही पक्की. मार्च २००६ पासून वाय-फाय अलायन्सच्या प्रमाणपत्रासाठी दुसरी अनिवार्य झाली. आज घरोघरी पासवर्ड आठपेक्षा कमी अक्षरांचा चालत नाही तो या पद्धतीमुळे. ८ ते ६३ अक्षरांचा हा पासवर्ड लहरींवरून कधीच पाठवला जात नाही. तो जाळ्याच्या नावाबरोबर एकत्र करून ४,०९६ वेळा गणिती चक्कीतून काढला जातो, त्यातून २५६ बिटांची मुख्य किल्ली तयार होते, आणि राउटर व फोन चार संदेशांच्या देवघेवीतून दोघांकडेही तीच किल्ली आहे याची खात्री पटवून घेतात. नाव मिसळण्यामागचा विचार जुना आहे. एकच पासवर्ड दोन ठिकाणी असला तरी त्याचे साठवलेले रूप वेगळे दिसावे म्हणून त्यात काहीतरी मिसळावे, ही युक्ती रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्स संगणकप्रणालीच्या संदर्भात सांगितली होती. त्यामुळे कारखान्यातून आलेले, लाखो घरांत सारखेच असलेले जाळ्याचे नाव तसेच ठेवले तर त्या नावासाठी आधीच तयार करून ठेवलेल्या किल्ल्यांचे तक्ते कामी येतात. पासवर्ड बदलताना नावही बदलावे, या सल्ल्याचे कारण हे आहे.

याच रचनेने घराला आणखी एक गोष्ट दिली, जिची चर्चा क्वचितच होते. कचेऱ्यांसाठीच्या प्रकारात प्रत्येक माणसाला स्वतंत्र ओळख देता येते, परंतु घरगुती प्रकारात सर्वांची किल्ली एकच असते. भाडेकरू सोडून गेला किंवा शेजाऱ्याला दिलेला पासवर्ड त्याच्याकडून आणखी चौघांकडे गेला, तर त्या एकाला वगळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सगळ्यांचीच किल्ली बदलणे. कारभाराच्या पानावर नवा शब्द लिहून ‘सेव्ह’ केले की ज्या फोनवरून तो लिहिला त्या फोनचीही जोडणी तुटते, आणि मग टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, आजोबांचा टॅब्लेट अशा प्रत्येक यंत्रात तो पुन्हा भरत बसावे लागते. अनेक घरे वर्षानुवर्षे पासवर्ड बदलत नाहीत त्यामागे निष्काळजीपणापेक्षा या कष्टांचा वाटा मोठा आहे.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, आणि त्याच महिन्यात भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांच्या ब्रॉडबँड सेवा सुरू झाल्या. पुढील तीन वर्षांत मुंबई आणि नवी मुंबईच्या मध्यमवर्गीय वसाहतींत वाय-फाय आले ते बहुधा उघडेच. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली; त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना जबाबदारी घेणारी ई-मेल पोहोचली होती. तपासात तिचा माग नवी मुंबईत सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत गेला, जेथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाच्या वाय-फायला पासवर्ड नव्हता. त्याचा कटाशी संबंध असल्याचे निष्पन्न झाले नाही. त्याच्या उघड्या जाळ्याचा इतरांनी वापर केला होता. ऑगस्टमधील पुढची ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेली, आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळची चेंबूरमधील एका कंपनीच्या.

या तीन घटनांनी महाराष्ट्रात वाय-फायच्या पासवर्डचा अर्थच बदलला. तोवर तो आपले इंटरनेट कोणी फुकट वापरू नये म्हणून लावायची गोष्ट होता. आता तो नसणे हे पोलिसांच्या चौकशीचे कारण ठरू शकत होते. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी पथके पाठवून उघडी जाळी शोधण्याचे जाहीर केले आणि अशा मालकांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली, म्हणजे दखलपात्र गुन्हा रोखण्याच्या पोलिसांच्या अधिकारात, नोटीस देता येईल असे सांगितले. पुढच्याच महिन्यात केंद्राच्या दूरसंचार विभागाने सेवा देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांच्या वाय-फायचा सुरक्षित वापर होईल याविषयी सूचना काढल्या. सावधगिरी योग्यच होती. परंतु यंत्र उघडे विकणाऱ्या निर्मात्याला या साऱ्यात कोणी प्रश्न विचारला नाही, ही उणीव आज मागे वळून पाहताना ठळकपणे जाणवते.

हाच प्रश्न जर्मनीत न्यायालयापुढे गेला आणि तेथे तो अधिक बारकाईने तपासला गेला. १२ मे २०१० रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका वाय-फायमालकाविरुद्धच्या दाव्याचा निकाल दिला. मालक सुटीवर असताना त्याच्या जाळ्यातून एक गाणे बेकायदा वाटले गेले होते, आणि राउटरची सुरक्षा त्याने कारखान्यातून आली तशीच ठेवली होती. न्यायालयाने त्याला नुकसानभरपाईतून सोडले, पण पुरेसा लांब असा स्वतःचा पासवर्ड लावणे हे त्याचे कर्तव्य होते आणि ते न केल्याने मनाईहुकमाची जबाबदारी त्याच्यावर येते, असे ठरवले. कर्तव्याचे माप मात्र राउटर घेतला त्या वेळच्या रूढ सुरक्षेचे ठेवले. त्यानंतर दरवर्षी नवे तंत्र शिकत राहण्याची अपेक्षा सामान्य माणसाकडून धरली नाही.

तोवर कारखाने प्रत्येक राउटरला स्वतंत्र पासवर्ड देऊन तो तळाच्या चिठ्ठीवर छापू लागले होते. या सुधारणेतही खोट निघू शकते हे २००८ मध्येच थॉमसन कंपनीच्या राउटरांबाबत दिसले होते. तेथे यंत्राच्या अनुक्रमांकावर एक गणिती क्रिया करून येणाऱ्या लांबलचक अंकमालेचा आरंभीचा भाग पासवर्ड म्हणून आणि शेवटचा भाग जाळ्याच्या नावात घातला जाई. त्यामुळे हवेत सर्वांना दिसणाऱ्या नावावरून संभाव्य अनुक्रमांक तपासत मूळ पासवर्डपर्यंत पोहोचता येई. जर्मन न्यायालयापुढे २४ नोव्हेंबर २०१६ रोजी आलेले प्रकरण याच जातीचे होते. मालकिणीने राउटरच्या मागे छापलेला सोळा अंकी पासवर्ड बदललेला नव्हता, आणि त्या प्रकारच्या राउटरचे पासवर्ड ओळखता येतात हे नंतर उघडकीस आले होते. तो पासवर्ड त्या एकाच यंत्रासाठी दिलेला असेल तर तो न बदलण्यात कर्तव्यभंग नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. निर्मात्याने दिलेल्या कुलपावर विश्वास ठेवण्याचा सामान्य माणसाचा हक्क येथे स्पष्टपणे मान्य झाला, आणि या इतिहासातील सर्वांत न्याय्य क्षण म्हणून या निकालाकडे पाहावे लागते.

दुसऱ्या पासवर्डची, राउटरच्या कारभाराची, हकिकत अधिक चिंताजनक आहे. बहुसंख्य यंत्रांत नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’ असे. घरात शिरल्याशिवाय हे पान उघडत नाही, मग बदलायचे कशाला, असा समज होता. २००७ मध्ये सिमँटेक आणि इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी तो खोडून काढला. घरातल्याच कोणी एखादे दुष्ट संकेतस्थळ उघडले तर त्या पानातील आज्ञावली आतूनच राउटरवर ‘ॲडमिन’ म्हणून शिरून पत्ते विचारण्याचा सर्व्हर बदलू शकते, आणि मग बँकेचे नाव टाइप करणारा माणूस भलत्याच पानावर जातो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्ड जोड्या घेऊन कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला डाइन या कंपनीवर केलेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना बंद पडल्या. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ग्राहकांचे मोडेम अशाच हल्ल्यात बंद पडले आणि मूळ पासवर्ड बदलण्याचे आवाहन कंपनीला करावे लागले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या माथी फानहूफ यांनी डब्ल्यूपीए-२ च्या चार संदेशांच्या देवघेवीतील क्रॅक हा दोष जाहीर केला. त्यात पासवर्ड उघड होत नसल्याने तो बदलून काही साधत नव्हते. फोन आणि राउटरची आज्ञावली अद्ययावत करणे हाच उपाय होता. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलत राहण्याची जुनी सक्तीही अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ च्या मार्गदर्शिकेत सोडून दिली. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलावा, एवढे पुरे मानले.

निर्मात्याची जबाबदारी कायद्यात उतरायला त्यानंतर फार काळ लागला नाही. १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियात प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देणे किंवा पहिल्या वापरापूर्वी तो बदलायला लावणे बंधनकारक झाले. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच असलेल्या मूळ पासवर्डांवर बंदी आणली. भारताच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राच्या २०२१ च्या आचारसंहितेतही हीच पहिली सूचना आहे.

घरमालक स्वतः निवडतो तो पासवर्ड मात्र या कायद्यांच्या कक्षेत येत नाही. २०२१ मध्ये सायबरआर्क या कंपनीच्या संशोधकाने तेल अवीवमध्ये रस्त्यावर फिरून ५,००० घरगुती जाळ्यांची पडताळणीची माहिती टिपली आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के पासवर्ड शोधून काढले. त्यांत मोबाइल क्रमांकांचा भरणा मोठा होता. मराठी घरांतही राउटर बसवायला आलेला माणूस ‘नंबरच ठेवू का?’ असे विचारून तसाच पासवर्ड ठेवून जातो. भारतीय मोबाइल क्रमांक ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होत असल्याने असे क्रमांक फार तर ४०० कोटी संभवतात, आणि सेकंदाला काही लाख पासवर्ड तपासणारे एक ग्राफिक कार्ड ते सगळे काही तासांत संपवते. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ या पद्धतीत टिपून नेलेल्या माहितीवर असे घरी बसून अंदाज बांधता येत नाहीत. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावे लागते. जुलै २०२० पासून प्रमाणपत्र मिळवणाऱ्या नव्या यंत्रांना ती अनिवार्य आहे, परंतु जुने फोन आणि टीव्ही चालावेत म्हणून बहुतेक घरांत राउटर दोन्ही पद्धती एकत्र चालवतो, आणि त्या मिश्र व्यवस्थेत मोबाइल क्रमांक हाच पासवर्ड असेल तर तो जुन्या वाटेने आजही तितक्याच वेळात सापडतो.