‘फर्स्ट कॉपी’ घड्याळ म्हणजे काय?

महागड्या ब्रँडचे नाव व चिन्ह छापलेले नकली घड्याळ म्हणजे ‘फर्स्ट कॉपी’. फक्त ठेवण तशी आणि नाव स्वतःचे असेल, तर गोष्ट वेगळी. नागपूरच्या इतवारीत घासाघीस करताना घड्याळ निदान हातात घेता येते. ऑनलाइन दिसतो तो फोटो, तोही अनेकदा अस्सल घड्याळाचा. बहुतेक रोलेक्सचा सेकंदकाटा सेकंदाला ८ ठोके घेत सरकत जातो. स्वस्त बॅटरीवाली नक्कल दर सेकंदाला उडी मारते. (महागड्या नकलेला ही खूण लागू नाही.)

ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ नुसार विकणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. आगाऊ पैसे घेऊन विक्रेता गायब झाला, तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवावी.