शूटर्स हिलवरून मागे

साल १७८४. लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल नावाची टेकडी आहे, तिच्या झाडीतून तुम्ही वर चढताय. माथ्यावर गवंडी एक त्रिकोणी बुरूज रचताहेत. आराखडा रिचर्ड जप यांचा, पैसा लेडी ॲन जेम्स यांचा. गेलेल्या नवऱ्याची, सर विल्यम जेम्सची, आठवण म्हणून बाई हा बुरूज उभारताहेत आणि त्याला नाव दिलंय सेव्हर्नड्रूग. म्हणजे हर्णैच्या समुद्रातला आपला सुवर्णदुर्ग.

तो कुणी घेतला आणि कसा, हे पाहायचं तर इथून मागे चला.

डिसेंबर १७८३. सर विल्यम जेम्सच्या मुलीचं लग्न आहे, आणि त्याच दिवशी बाप अचानक जातो. आणखी मागे, १७७९. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत हाच माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला दिसेल. बॅरोनेट होऊन त्याला वर्ष झालंय, पार्लमेंटातही तो बसतो. १७६७ साली त्याच्या लंडनच्या घरी कादंबरीकार लॉरेन्स स्टर्नची ऊठबस आहे. मुंबईहून आलेली एलायझा ड्रेपर स्टर्नला भेटली ती इथेच. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनजवळ साध्या घरात जन्मलेल्या पोरासाठी हे फार मोठं झालं. ते वैभव न्याहाळत बसू नका, त्याची किंमत दुसरीकडे मोजली गेली आहे.

आणखी मागे, हिंदी महासागर. ईशान्येचे वारे समोरून येताहेत आणि अशा दिवसांत मुंबईहून बंगालला गलबत नेता येत नाही, अशी सगळ्यांची खात्री. कंपनीच्या आरमारातला जेम्स सरळ दक्षिणेला निघतो, विषुववृत्त ओलांडतो, तिकडच्या वाऱ्यावर पूर्वेला सरकतो आणि मग वर वळून बंगाल गाठतो. फ्रान्सशी युद्ध पेटल्याची खबर आणि शिपाई त्याने बंगालात लढणाऱ्या ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्हपर्यंत पोचवलेत. १७५७च्या मार्चमध्ये फ्रेंचांचं चंद्रनगर पडतं. या माणसाला वारा आणि पाणी कळतं. शत्रू असला तरी हे मान्य करायलाच हवं.

फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गच्या खाडीत तुम्ही धुरात उभे आहात. आधी जेम्सनेच इथे येऊन पाण्याची खोली मापली होती आणि किल्ला ऐकला होता तेवढा बळकट नाही, असं कळवलं होतं. आता ॲडमिरल वॉटसनच्या तोफा गरजताहेत. एक गोळा मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांच्या ‘रिस्टोरेशन’वर पडतो. इंग्रजांकडूनच जिंकलेलं हे जहाज पेट घेतं. बाकीची गुराबं आणि गलबतं शेजारी दाटीने नांगरलेली; आग एकीवरून दुसरीवर उडी घेत जाते. वडील कान्होजींनी उभं केलेलं, तुळाजींनी वाढवलेलं ते आरमार तुमच्या डोळ्यांसमोर जळून जातं. सोबत आलेल्या पेशव्यांच्या फौजेला लुटीत वाटा द्यायचा नाही, हे इंग्रजांनी मुंबईतच ठरवून ठेवलंय.

आणि आता तुळाजींचा सुवर्णदुर्ग, २ एप्रिल १७५५. तुम्ही जेम्सच्या ४४ तोफांच्या ‘प्रोटेक्टर’वर आहात. समोर खडकातूनच वर आलेला तट. दिवसभर समुद्राच्या बाजूने मारा चालतो आणि दगड दाद देत नाही. किनाऱ्यावर पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव यांची फौज आहे, पण ती लांबून तोफा डागण्यापलीकडे फारसं काही करत नाही. रात्री किल्ल्यातून फुटून एक माणूस जहाजावर येतो: या बाजूला खडकच आहे, वेळ घालवू नका.

सकाळी जेम्स जहाज किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात घालतो. तुम्ही हर्णैचे असाल तर तुमच्या छातीत धस्स होईल, कारण ओहोटीला इथे तळाखाली जेमतेम पाणी उरतं. दोन्हीकडून किल्ले. तरी तो नांगर टाकतो. एक गोळा आत शाकारलेल्या छपरावर पडतो. बंदुकींच्या माऱ्यामुळे आग विझवायला कुणाला पुढे होता येत नाही. दारूकोठार उडतं. बायका-पोरांना घेऊन माणसं होड्यांतून निसटायला बघतात आणि पाण्यातच पकडली जातात. तरीही आत परत शिरलेले मूठभर लोक दार लावून लढत राहतात. खलाशी कुऱ्हाडींनी दिंडी फोडतात तेव्हाच किल्ला पडतो. शूटर्स हिलच्या बुरुजावर त्या लोकांसाठी एक ओळही नाही. मला त्यांची नावं हवी आहेत.

अजून थोडं मागे या. १९ मार्च १७५५, मुंबई. बाहेर जेम्सची जहाजं पाणी आणि दारूगोळा भरताहेत, २२ तारखेला ती निघतील. आत गव्हर्नर रिचर्ड बोर्शिए आणि रामाजी महादेव यांचा करार होतोय. नानासाहेब पेशव्यांना तुळाजी आंग्रे नकोसे झालेत. तुळाजी हट्टी होते, क्रूर होते, छत्रपतींच्या सरदारांनाही लुटत होते. पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती. पण तुळाजींना वठणीवर आणणं आणि आरमार परक्याच्या हाती देणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. बाणकोट इंग्रजांना मिळणार, तेही कायमचं. कागद तुमच्या समोर आहे, शाई अजून ओली आहे. पहिलंच कलम वाचा: या मोहिमेत समुद्रावरची सगळी जहाजं, पेशव्यांचीसुद्धा, इंग्रजांच्या हुकुमाखाली चालतील.