ऑपरेशन यशस्वी झाल्याची तार

१९४० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत आल्फ्रेड हिचकॉकचा ‘फॉरिन करस्पॉन्डंट’ प्रदर्शित झाला. जॉनी जोन्स नावाचा अमेरिकी बातमीदार युद्धाच्या तोंडावर युरोपात जातो आणि शांततेच्या गोष्टी करणारा पुढारीच शत्रूचा हस्तक असल्याचं शोधून काढतो. पवनचक्की, छत्र्यांच्या गर्दीतून पळणारा मारेकरी, समुद्रात कोसळणारं विमान, सगळा मसाला आहे. साकोलीत बसून मोबाईलवर मी तो पाहिला आणि मजाही आली. पण जोन्स परक्यांची पापं उघडी करतो, त्याचा देश त्याच्या पाठीशीच असतो. ज्या बातमीदाराला आपल्याच सरकारचं पाप दिसतं, त्याने काय करायचं?

हा प्रश्न खरोखर ज्याच्यापुढे उभा राहिला, तो माणूस बेळगावात जन्मला होता. अँथनी मस्करेन्हास. जन्म १९२८ चा, घराणं गोव्याचं, ख्रिस्ती. शिक्षण कराचीत झालं आणि फाळणीनंतर तो पाकिस्तानी नागरिक झाला. १९७१ मध्ये तो कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’मध्ये सहायक संपादक होता. बायको, पाच मुलं, शहरात ओळखीपाळखी. एकूण बरं चाललेलं होतं.

त्या वर्षी २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. निवडणूक शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकली होती, पण सत्ता द्यायची नव्हती. परदेशी पत्रकारांना हॉटेलात कोंडून मग देशाबाहेर काढलं गेलं. सायमन ड्रिंगसारखा एखादाच लपून राहिला आणि शहर पाहून आला. बाकी जगाला दिसत होतं ते सरकार दाखवेल तेवढंच.

एप्रिलमध्ये लष्कराने आठ पाकिस्तानी पत्रकारांना दहा दिवसांच्या दौऱ्यावर नेलं. हेतू सरळ होता : परिस्थिती आटोक्यात आहे, असं छापून आणायचं. अधिकाऱ्यांना हे पत्रकार आपलेच वाटत होते, म्हणून त्यांनी फारसं लपवलं नाही. कोमिल्लाच्या बाजूला मस्करेन्हासने गावं जाळणाऱ्या तुकड्या पाहिल्या. संध्याकाळी मेसमध्ये आज कोणी किती मारले याच्या गप्पा ऐकल्या. हिंदू कोण, अवामी लीगचा कोण, हे शोधून माणसं मारली जात होती. परत आल्यावर सात जणांनी सांगितलं तसं लिहिलं. आठव्याने लिहिलं नाही.

पण न लिहिणं म्हणजे खरं लिहिणं नव्हे. पाकिस्तानात प्रत्येक मजकूर लष्करी सेन्सॉरच्या हाताखालून जायचा. मग मस्करेन्हास बहीण आजारी असल्याचं सांगून लंडनला गेला. १८ मे रोजी थेट ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरल्ड इव्हान्स यांच्यासमोर बसून त्याने सगळं सांगितलं. छापायला इव्हान्स तयार होते. पण बायकामुलं कराचीत असताना छापणं म्हणजे त्यांना ओलीस देणं. म्हणून खूण ठरली : अ‍ॅनचं ऑपरेशन यशस्वी झालं, अशी तार घरी आली की निघायची तयारी करायची.

तार पहाटे तीनला आली. माणशी एक सुटकेस, बाकी घर तसंच सोडायचं. संशय येऊ नये म्हणून मस्करेन्हास स्वतः पाकिस्तानात परतला होता. पाकिस्तानी नागरिकांना वर्षाला एकच परदेशवारी करता येई आणि त्याची ती झाली होती. तेव्हा कुटुंब विमानाने गेलं आणि तो चोरून सीमा ओलांडून अफगाणिस्तानात उतरला. लंडनला सगळे एकत्र आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ जून १९७१ ला, लेख छापून आला. मथळा एका शब्दाचा होता : नरसंहार.

हा लेख वाचून आपण हादरलो आणि युरोपच्या राजधान्या व मॉस्कोकडे वळलो, असं इंदिरा गांधींनी पुढे इव्हान्स यांना सांगितलं. एका लेखाने युद्ध होत नाही, हेही खरं. तोवर निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. वर्षाअखेर तो आकडा एक कोटीच्या घरात गेला. पण ‘भारत बोंब मारतोय’ म्हणून ज्यांना कानाडोळा करायचा होता, त्यांच्यासमोर आता एका पाकिस्तानी माणसाची साक्ष होती. ती झटकणं अवघड होतं.

हे सगळं साकोलीपासून फार लांबचं वाटेल. नाही. आमच्या गावातून जाणारा महामार्ग देवरी ओलांडून रायपूरला पोचतो. तिथल्या माना इथे १९६४ पासून पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांची मोठी छावणी होती. इकडे शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी बंगाली वस्त्यांची गावं आहेत. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत तीही भंडारा जिल्ह्यातच होती. तिथली माणसं एकाच वर्षी आली नाहीत, पण ज्या भूमीतून पिढ्यांनी पळ काढला ती हीच. आम्ही त्यांच्याकडे बाजारातली मच्छीवाली माणसं म्हणून पाहतो. ती आली कुठून, कशामुळे, हे शाळेत कुणी शिकवत नाही.

मस्करेन्हासचं पुढचं आयुष्यही मला महत्त्वाचं वाटतं. बांगलादेश झाल्यावर तो त्या नव्या देशाचा भाट झाला नाही. मुजीब यांच्या हत्येतल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलाखती त्याने घेतल्या आणि नव्या राज्यकर्त्यांचा गैरकारभार व रक्तपात १९८६ मध्ये पुस्तकातून मांडला. पाकिस्तानात त्याला गद्दार म्हणत राहिले, तरी १९७९ मध्ये पाकिस्तानच्या अणुबॉम्बची बातमी त्यानेच बाहेर आणली. ३ डिसेंबर १९८६ ला तो गेला.

आज आपल्या खिशात कॅमेरा आहे, सेन्सॉरला चुकवून सेकंदात काहीही पाठवता येतं. म्हणून खरं सांगणं सोपं झालं, असं वाटतं. पण त्या दौऱ्यावर आठही जणांनी तेच पाहिलं होतं. कमतरता माहितीची नव्हती. सात जणांना नोकरी, घर आणि मुलं होती, आठव्यालाही होतीच.