वारूळ आणि शांतादुर्गा

गोमंतकात दुर्गेला ‘शांता’ म्हणतात, याचे परक्यास नवल वाटते. महिषासुराचे मर्दन करणारी ती शांत कशी? कथा अशी की, शिव आणि विष्णू यांचे युद्ध जुंपले असता देवीने मध्ये पडून दोघांसही आवरले. म्हणून तिच्या दोन हातांत दोन सर्प असतात.

या कथेच्या खालचा थर आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. खेडोपाडी सातेरी म्हणून जिची पूजा होते, तिचे मूळ रूप रोयण, म्हणजेच वारूळ. भूमीतून आपोआप वर येणारी माती हीच तिची मूर्ती. तीस ना शिल्पी लागतो, ना पाषाण. पुढे अनेक गावी सातेरी आणि शांतादुर्गा एकरूप झाल्या.

पण वारूळ उचलून नेता येत नाही, मूर्ती नेता येते. सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात पोर्तुगीजांनी सासष्टीतील देवळे मोडली, तेव्हा केळशीची शांतादुर्गा अंत्रुजातील कवळ्यास आली. तो मुलूख त्या वेळी आदिलशाहीचा होता, हे आपण सहसा विसरतो! आजचे मंदिर अठराव्या शतकातले, शाहू छत्रपतींच्या काळचे. त्यासाठी नारोराम मंत्र्यांनी खटपट केली. माघ शुद्ध पंचमीस तेथे जत्रा भरते. कवळ्याची देवी पालखीत मिरवते. सातेरीच्या कित्येक गाभाऱ्यांत मात्र अजूनही रोयणीलाच फुले वाहतात.